दोन शब्दांचं पान

रेकॉर्ड ऑफिसात माझं टेबल दुसऱ्या खिडकीशी.
मोडीचं बाळबोध करते,
शब्दामागे पैसे.
आधी रेघ ओढायची, मग अक्षरं तिला टांगायची,
ही लिहिणाऱ्यांची तेव्हाची रीत.

रुमाल सत्ताविसावा.
फौजेचा मुख्य खेत्रोजी खराडे
चिखलीच्या तळावरून धन्याला लिहितोय:
"विज्ञापना ऐसी जे,
उतारास पाणी घोडियाचे छातीस लागते.
चार रोज दम धरावा.
पैलाड गनिमाचा दाणा सरला आहे,
त्यास भूकच मारील."

समासात धन्याचा शेरा, जाड शाईचा,
वाळू टाकायचीही सवड नसलेला:
"पाणी मोजावयास तुम्हांस ठेविले नाही."

दुसरं पत्र त्याच रात्रीचं.
"पाणी खोगिरास आले.
धाकू कोळी या नदीचा,
तोही नाव घालीत नाही."
शेरा: "कोळियास पुसोन दौलत चालत नाही.
तुमचे जागी उभे राहणार बहुत आहेत."

अत्तारसाहेब डबा उघडता उघडता म्हणाले,
"ऐकलं असतं तर जिंकलं असतं की!"

तसं नसावं.
याच रुमालात वरच्या बाजूला
थोरल्या धन्याच्या वेळचा एक कागद आहे.
तेव्हाही खेत्रोजी नकोच म्हणाला होता, डोंगर चढायला.
थोरल्यांनी त्याला पहाटेपर्यंत बसवून घेतलं,
दोर किती, दाणा किती, वाटाड्या कुणाच्या गावचा,
सगळं विचारलं,
आणि म्हणाले, तरी चढू.
चढले. उजाडता ठाणं हातात.
खेत्रोजी चुकला होता,
पण चुकला म्हणून त्याला कुणी खाली बसवलं नाही.
म्हणून तर तो नदीकाठी पुन्हा बोलला,
एकदा, आणि मग आणखी एकदा.

तिसरा कागद.
रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढलेली,
जणू पुष्कळ लिहायचं होतं.
तिला टांगलेले शब्द दोन:
"आज्ञा प्रमाण."
"बहुत काय लिहिणे" सुद्धा नाही.
खाली सगळा कागद कोरा,
एका कोपऱ्यात ओल.

चौथा कागद कारकुनाच्या हातचा, नुसती याद.
बायकांस लुगडी एकशे अठरा.
मीठ. घोंगड्या.
धाकू कोळी यास प्रेतामागे जोंधळे पावशेर.
बेरीज बरोबर आहे, दोनदा ताळा केलाय त्यानं.
लढाईबद्दल ओळ नाही.
खेत्रोजीचं नाव यादीत सातवं,
घोड्यासकट.

खिडकीतून शिपायाचा रेडिओ ऐकू येतो:
राजाराम बंधारा, एकोणचाळीस फूट दोन इंच.

मी बिलात लिहिते: पान तिसरे, शब्द दोन.
अत्तारसाहेब चष्मा वर करून विचारतात,
"एवढ्यासाठी अख्खी दुपार?"

काय सांगू.
त्या रेघेवरून मी चारदा बोट फिरवलं.
सरळ आहे.
कुठेही हात कापलेला नाही.