विलोपासून पुलापर्यंत

क्लिपबोर्ड माझ्याकडे आला
कारण त्या सभेत खाली बघायचं मीच विसरले.
पहिल्या शनिवारी ठसठशीत लिहिलं, शाईने:
मार्चपर्यंत दोन मैल कालवा.

रॉचडेलचा गाळ शाई वाचत नाही.
एक ट्रॉली, तीन सायकली,
दार सताड उघडी, रिकामी तिजोरी.
कंबर कसा म्हणाले, तर बर्नार्डची लचकलीच.
जानेवारीत आम्ही सातांचे चार झालो.
मी कागद कोटाखाली लपवायला लागले.

तेव्हा बेरिल, हातमोजा दातांनी ओढत:
"मैल राहू दे गं.
त्या विलोपासून पुलापर्यंत बघ की."
चालून मोजलं. एकशे दहा पावलं.

एकशे दहा पावलांना पाच शनिवार लागले.
मार्च केव्हाच उलटून गेला होता.
टाळ्या वगैरे नाहीत,
थर्मासचा चहा, कुणाचं तरी सादळलेलं बिस्किट,
आणि पाण्यात पुलाची कमान,
वरची अर्धी, खालची अर्धी,
पहिल्यांदाच पुरी गोल.
कोणी काही बोललं नाही, बराच वेळ.

पुढचं लिहिलंय, पूल ते लॉकगेट.
पेन्सिलीने.
बर्नार्ड आलाय, नुसता बघायला म्हणतो.
येताना फावडं
मात्र घेऊन आलाय.