डावा हात

महूच्या कॉलेजात त्या दिवशी तीन पाहुणे होते.
पहिले औषध कंपनीचे, टाय लावून आलेले;
त्यांच्या पडद्यावरचा देशाचा नकाशा
कोंबड्यांनी गच्च भरला होता.
दुसऱ्यांचं इंदूरला विजयनगरात कुत्र्यामांजरांचं हॉस्पिटल.
त्यांनी एका पामेरियनच्या दातांचे
आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले,
आम्ही टाळ्या वाजवल्या, दातांसाठी.
मग पोहे आले, शेव जास्त, पोहे कमी,
आणि परत बसलो तेव्हा हॉल निम्मा रिकामा.

तिसऱ्या डॉ. शशिकला मुंगी.
नावावर मागच्या रांगेत खसखस पिकली.
"हसा," म्हणाल्या, "मीही हसले होते, सासरी आले तेव्हा."
पेनड्राइव्ह नव्हता.
पदराखालून डावा हात काढून टेबलावर ठेवला,
तपासायला आणलेल्या नमुन्यासारखा.
कोपरात वाकलेला. करंगळी मिटत नाही.

"बत्तीस वर्षं हा आत राहिला, मी बाहेर.
लोक म्हणायचे, बाई, तुमच्या तर हा डाव्या हाताचा मळ.
मळ खराच. तीन साबणांनी जात नसे."

देपालपूरकडची एक रात्र सांगितली.
वासराचा एक पाय मागे दुमडलेला,
टॉर्चचे सेल संपलेले.
"आत तसाही अंधारच असतो.
बोटांनी ओळखायचं: हा गुडघा, हा खूर, हे नाक.
मग बोट तोंडात घालायचं.
चोखलं, तर जिवंत आहे.
पाय सरळ करायचा तो कळ ओसरल्यावर,
ओढायचं ते कळ आल्यावर.
उलटं केलंत तर तुमचा हात तरी मोडेल
नाहीतर तिचं घर तरी."

हे सगळं हिंदीत.
मराठी मी नंतर केलं, बसमध्ये, वहीच्या मागच्या पानावर.
पण एके ठिकाणी त्यांनी डोळे मिटले,
तो वाकडा हात हवेतच खोल घातला, जरा वळवला,
आणि तोंडातून भलतंच आलं:
"हो गं बाई, हो. झालंच. एवढंच आता."

हॉलमध्ये पंखा तेवढा बोलत होता.
कुणाला कळलं नाही, मला कळलं.
माझ्या केसांतला गुंता काढताना
आई हेच म्हणते, आणि जोरात ओढते.

सौरभ रघुवंशीने पॅकेज विचारलं.
"लसणाचं अर्धं पोतं. तुपाची बरणी. एकदा कानाखाली,
ती गाय गेली होती.
पगार वेगळा. उशिरा यायचा, पण यायचा."
कुणी विचारलं, बाई म्हणून गावात त्रास?
"गाव विचार करत बसायचं.
गाईला घाई असायची."

ऑटोपर्यंत त्यांची पिशवी मी धरली.
"मॅडम, ते वासरू जगलं का?"
"कुठलं?"
"देपालपूरचं."
बराच वेळ आठवत राहिल्या. ऑटोवाल्याने दोनदा हॉर्न दिला.
"नाही गं आठवत. गाय उठली होती, एवढं आठवतं."

अभिप्रायाचा कागद अजून माझ्याकडेच आहे.
व्याख्यान उपयुक्त वाटले का: हो, नाही.
दोन्ही चौकोन कोरे.

एप्रिलात, लग्नसराईत, रात्रपाळीला
मुबारिकभाई आपली वरातीची घोडी घेऊन आले.
पोटात कळ, अंगाला घामाचा फेस,
गळ्यात सोनेरी झालर तशीच,
फाटकाशी नवऱ्या मुलाचा मामा घड्याळ बघत उभा.
सर म्हणाले, हातमोजा चढव, खांद्यापर्यंत.
मी उजवा घालायला गेले, मग डावा घातला.

आत ऊन होतं, आणि घट्ट,
आणि शिकवलेलं एकही नाव बोटांना आठवेना.
तोंडाला आठवलं.

"क्या बोला आपने इसको?" मुबारिकभाईंनी विचारलं.
मी म्हटलं, काही नाही.
घोडीचा एक कान
मागे वळलेला होता.