कोपऱ्यातले अकरा सेकंद

ते गाणं मी पाठीकडून ऐकलं.
अँप्लिफायरची एक वायर सैल होती,
ती चिमटीत धरून मी पडद्याआड उकिडवा,
आणि पुढे, दिव्यांच्या भगभगीत, युनिस रिबेलो.
मला दिसल्या तिच्या टाचा
आणि सोहराबचा ड्रम सरकू नये म्हणून
आम्ही पुण्याहून नेलेली वीट.

टीव्हीवर दाखवलं त्या शनिवारी
नाना पेठेत वीज नव्हती.

चाळीस वर्षांनी अर्ज केला.
उत्तर आलं, सहीशिक्क्याचं:
सदर टेप उपलब्ध नाही.
सहकारनगरातले निवृत्त कॅमेरामन
दारातूनच म्हणाले, अहो, टेप महाग असायची,
एकेका टेपवर सात सात पिकं काढली आम्ही.
तुमच्या बाईंवर बहुतेक करडई आहे.
आणि करडईवर क्षारपड जमीन.

मग बुधवारी आणि रविवारी जुना बाजार.
गंजक्या पकडी, एका काडीचे चष्मे,
आणि गोणपाटावर फिल्मची रिळं, वजनावर,
आंबूस वासाची.
तपकीर गल्लीतून प्रोजेक्टरला पट्टा आणला,
भिंतीला चुना काढला.
लोकांच्या इतक्या मुंजी पाहिल्यात मी
की रस्त्यात एखादा टकला गृहस्थ दिसला
तरी त्याचा घेरा आठवतो.

एका डबीवर लिहिलं होतं:
केदारचं बारसं, रास्ता पेठ, उंब्रजकर.
पाळणा. झिरमिळ्या. घुगऱ्यांचं ताट.
आणि डाव्या कोपऱ्यात, लाकडी दारांच्या टीव्हीत,
नखाएवढी, निळसर,
अंगावरून काळा पट्टा सरकत असलेली
युनिस.
रास्ता पेठेत होती म्हणजे वीज!
पॉवर हाऊसच्या सावलीत राहणाऱ्यांची कशी जाईल.

अकरा सेकंद. आवाज नाही.
त्यातले चार एक माणूस खाऊन टाकतो,
टेरिकॉटचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा,
नेमका टीव्हीसमोर येऊन उभा.
मी त्याला महिनाभर शिव्या घातल्या.
सरक, मेल्या. सरक की.

उंब्रजकर आता धायरीला. डबी घेऊन गेलो,
वस्तू त्यांची.
इंदुताईंनी पाळण्याकडे पाहिलंच नाही.
म्हणाल्या, ते पुन्हा लावा.
भावजी वळतात ते.
हसताना दुसरे कुठे नाहीत ते.
मी पुन्हा लावलं. पुन्हा लावलं.
सातव्यांदा त्या मला म्हणाल्या,
ती मागची बाई मध्ये मध्ये लुकलुकते, तिला बंद करता येईल?

मी काय बोलणार.

शेवटी वानवडी. युनिसची भाची दार उघडते,
सांगते, मावशीला हल्ली नावं सापडत नाहीत.
सोहराब म्हटलं तर तिने खिडकीबाहेर पाहिलं.
वीट म्हटलं तर हसली, का ते कळलं नाही.
पडदे ओढले. भिंतीवरचा येशू उतरवून
खुर्चीत ठेवला, भिंतीकडे तोंड न करता.
प्रोजेक्टर खरखरला.

तिने स्वतःला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.
ती ओठांकडे बघत होती.
एक बोट गुडघ्यावर, वर, खाली,
मग थांबलं. कपाळाला आठी.
हे पळतंय, ती म्हणाली.
आम्ही असं पळत नव्हतो.

खरं होतं. यंत्र थोडं जलदच फिरतं.
हाताने चाक धरून हळू करता येतं, मी म्हटलं,
पण मग दिवा एकाच जागी राहतो
आणि फिल्म जळते.

तिने बराच विचार केला.
भाची चहा ठेवायला गेली.
मग राहू दे, युनिस म्हणाली,
पळू दे,
आणि बोट पुन्हा उचललं,
पण आपल्याच लयीत, भिंतीच्या मागे मागे,
आणि माझी चिमूट, कधी मिटली कळलं नाही,
मांडीवर एक नसलेली वायर धरून.