सूचक, अनुमोदक

सभागृहात खुर्च्या एकशे दोन.
दर सोमवारी मी पुसतो.
कुणी बसत नाही, तरी पुसतो.
धुळीला मुदत नसते.

पूर्वी सभेआधी अजेंडा वाटायला मीच जायचो,
सायकलीला पिशवी, पिशवीत नगरसचिवांच्या शिक्क्याचे लिफाफे,
विडी घरकुल, नई जिंदगी, पार बाळ्यापर्यंत.
एका प्रभागात चार दारं.
‘अ’कडे सरबत, ‘ब’कडे कुत्रं,
‘क’बाई सही करता करता विचारायच्या,
‘नरसप्पा, ह्यात आमच्या गल्लीचं काय हाय का वो?’
‘ड’ कधीच घरी नसायचा.

मुलीला नागरिकशास्त्रात प्रश्न आला:
महानगरपालिकेची रचना स्पष्ट करा. गुण पाच.
म्हटलं, लिही.
लोक नगरसेवक निवडतात, नगरसेवक महापौर,
स्थायी समितीत सोळा जण, तिजोरीची किल्ली त्यांच्याकडं,
आणि आयुक्त सरकारकडून येतात,
येतानाच बदलीचं पत्र खिशात घेऊन.
ती म्हणाली, हे पुस्तकात आहे.
पाणी पाचव्या दिवशी येतं, ते कुठल्या समितीत ठरतं?
म्हटलं, ते परीक्षेला नाही.

काय काय बघितलंय ह्या हॉलनं.
महापौरांच्या टेबलावर रिकाम्या घागरी.
एकदा राजदंड पळवायला धावले दोघं,
तर मी तो पोरासारखा छातीशी धरून उभा.
शिव्या तेलुगूत, समजूत कानडीत,
इतिवृत्त मराठीत,
आणि त्यात दोनच शब्द: सभागृहात गोंधळ.
अंबुबाई म्हेत्रे एकदा तीन तास बोलल्या
सार्वजनिक संडासापुढच्या एका दिव्यावर.
हसले सगळे.
रात्री साडेआठला दिवा मंजूर.

मग मुदत संपली.
नावाच्या पाट्या मीच काढल्या.
स्क्रू एका डब्यात ठेवलेत.

आता सभा साहेबांच्या केबिनमध्ये भरते.
आयुक्त तेच, प्रशासक तेच.
पहिल्या कागदावर ते प्रस्ताव ठेवतात,
दुसऱ्यावर ते स्थायी समिती होतात,
तिसऱ्यावर अख्खी सर्वसाधारण सभा.
सूचक ते. अनुमोदक ते.
अकरा मिनिटांत चाळीस विषय.
चहा एक कप, बिनसाखरेचा.
माणूस वाईट नाही.
रस्ते लवकर मंजूर होतात, खोटं कशाला बोलू.

परवा नागव्वा कुडल आली,
तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं, बोटांत घडी घातलेला अर्ज.
तोच दिवा. गेला म्हणे.
झोननं विद्युत विभागाला धाडलं,
विद्युतनं आवक-जावकला,
आवक-जावकनं नंबर दिला.
‘आधी अंबुबाईच्या दारात जाऊन वरडायचे,’ म्हणाली,
‘आता कुणाच्या दारात वरडू?’

जेवणाची सुट्टी होती.
मी सभागृहाचं कुलूप काढलं,
तिला अंबुबाईंच्या खुर्चीवर बसवलं.
मी पुसलेली खुर्ची तिनं पदरानं परत पुसली.
‘बोला,’ म्हटलं. माईक बंदच होता.
पहिल्यांदा हळू बोलली, मग बाकावर हात आपटून.
शेवटी दम लागला तेव्हा विचारलं,
‘लिवून घेतला का?’

जुन्या अजेंड्याच्या पाठीवर लिहिलं:
विषय, दिवा. सूचक, नागव्वा कुडल.
अनुमोदकापाशी पेन अडलं.
शिपायाला तो अधिकार कुठल्या कलमात नाही.

ती गेल्यावर कपाटातला डबा काढून
हलवून पाहिला.
स्क्रू आहेत.