आपोआप आलेले

डिस्क सत्त्याण्णव टक्के भरली तेव्हा
मी खुर्ची ओढून त्या जुन्या यंत्रापुढे बसले.
केयोनच्या रेडिओ केंद्रात रात्री मी एकटीच असते,
खाली धक्क्यावर शिंपल्यांच्या गोणी उतरत असतात.

यंत्राने यादी काढली. एक्केचाळीस नावं.
वर एक सभ्य, कोरडं वाक्य:
ही पॅकेजं आपोआप बसवली गेली होती,
आता कुणालाच त्यांची गरज नाही.

कुणाबरोबर आली असतील?
वऱ्हाडासारखी. नवरदेव एक,
मागे चुलते, चुलत्यांचे मेहुणे, त्यांची ओझी वाहणारी पोरं.
लग्न मोडून वर्षं झाली
आणि ही अजून मांडवात,
पानं कधी मांडतात याची वाट बघत.

तीन होती फॅक्सची. फॅक्सचं यंत्र एलेउतेरिओने
निवृत्तीच्या दिवशीच नेलं,
खुराड्याच्या दाराला टेकण म्हणून.
एक कोरियन अक्षरं दाखवणारं. ते कुणी आणलं, कशाला?
सात एका बुद्धिबळाच्या खेळाची,
रात्रपाळीचा नेल्सन त्यात रोज हरायचा.
खेळ मीच उडवला मार्चमध्ये,
पिलावळ तेवढी राहिली.

होय की नाही, यंत्र विचारत होतं.
यादी शेवटपर्यंत वाचावी म्हणतात. मी अर्धी वाचली.
चहा निवत चालला होता.
होय.

नावं एकेक करून गेली, आवाज न करता.
सहाशे बारा मेगाबाइट मोकळे झाले
आणि मला माळा झाडल्यासारखं हलकं वाटलं.

सकाळी साडेसातला बेटांचे निरोप लागतात.
त्या दिवशी लागले नाहीत.
रेकॉर्ड केलेला एकही आवाज उघडेना.
यादी खोटी नव्हती. पण एलेउतेरिओने
स्वतःच्या हाताने लिहिलेली एक स्क्रिप्ट
रोज सकाळी त्यातल्याच एका दारावर थाप मारायची,
आणि यंत्राच्या वहीत तिची नोंदच नव्हती.

ओरिएता काचेपलीकडून माझ्याकडे बघत राहिली,
मग कागद उचलून स्वतःच वाचू लागली:
काइलिनच्या सेन्योरा उर्सुलासाठी, बोट आज नाही,
उद्याही बहुधा नाही.
लाइतेकच्या रेमिखिओसाठी, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.
दंव पडेल, बटाटे झाक.

तिचा घसा बसेपर्यंत मी ते एक पॅकेज
परत उतरवत होते, टक्क्या-टक्क्याने.
आलं. मग एक जास्तीचा हुकूम दिला:
याच्यापुढे आपोआप लिहू नकोस.
हे मी बसवलंय. हाताने.

चौदा वर्षांपूर्वी मी या बेटावर आले
एका माणसाच्या नोकरीबरोबर. सॅमनच्या पिंजऱ्यांचं
पाणी तपासायचा तो.
तो गेला. पुढे पिंजरेही गेले.
मी कुठल्या यादीत आहे, बघायला गेले नाही.

बाकीची चाळीस परत आणली नाहीत.
कोरियन अक्षरांचं थोडं वाईट वाटलं.

दुपारी रेमिखिओ होडी घेऊन आला, चिखलाच्या बुटांनी
थेट आत. म्हणाला, बटाटे झाकले.
पण नाव काय ठेवलं ते तुम्ही सांगितलंच नाही.
ओरिएताने कागद उलटसुलट केला.
नाव कागदावर नव्हतं.
मी फाइल शोधली, आणि ती उघडली.

खरखर, मागे कुणाचं तरी बाळ,
मग त्याच्या बायकोचा दमलेला आवाज.
त्याने टोपी काढली आणि म्हणाला,
पुन्हा लावा.