इतिवृत्तात न आलेलं

लुइस गाव, डेलावेअरच्या उपसागराचं तोंड, सकाळचे साडेनऊ.
टेबलाभोवती पाच खाती, तीन गणवेश
आणि एक थर्मास, जो कुणाच्या अंदाजपत्रकातला
हे अजून ठरायचं आहे.
इतिवृत्त लिहायला मी.

विषय पहिला: शून्य.
पाणी किती खोल ते सांगायचं तर कुठून तरी मोजावं लागतं.
गाळ काढणाऱ्या लष्करी अभियंत्यांचं शून्य
जुन्या धक्क्यावरच्या पितळी खुणेवर.
नकाशेवाल्यांचं शून्य ओहोटीच्या सरासरीत.
तटरक्षक दलाचा शिमान्स्की म्हणाला,
आमचं शून्य म्हणजे बोटीचा तळ घासतो ती जागा.
हसले सगळे. मी लिहिलं, "चर्चा झाली."
(शून्याचंही एकमत व्हायला पुढे चौदा महिने लागले.)

विषय दुसरा: मेमधली ती रात्र.
लाटारोधक भिंतीपाशी पाण्यात सोडलेला हायड्रोफोन,
बंदर सुरक्षेचा नवा कान,
दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानं ऐकलं:
धम्... धम्... धम्...
खर्जातलं, दमदार, दिव्याविना कुणी येत असावं तसं.
पडद्यावर अक्षरं उमटली: अनोळखी.
शिमान्स्की चार जणांना घेऊन निघाला.
धुकं, झोताचा दिवा, खेकड्यांच्या सापळ्यांचे बोये,
तीन तास, आणि पाण्यावर कुणीच नाही.
"पण इंजिन बंद केलं," तो म्हणाला,
"तेव्हा बूट काढून तळावर पाय ठेवला.
खालच्या मजल्यावरून कुणीतरी छत ठोकत होतं."
हे मी लिहिलं नाही. तपशिलात बसत नव्हतं.

तेव्हा कोपऱ्यातून मत्स्य विभागाच्या ओडेसा ट्रूइटनं
पेन्सिल वर केली, वर्गात करतात तशी.
"तो ड्रम मासा.
मे महिन्यात नर पोटातली हवेची पिशवी
स्नायूंनी बडवतात, अंधार पडला की.
लपत नाहीत ते, माद्यांना हाका मारतात.
अकरा वर्षांचं ध्वनिमुद्रण माझ्या कपाटात आहे,
तुमच्या इमारतीपासून चालत सात मिनिटांवर."

कुणीतरी थर्मासचं झाकण फिरवत राहिलं.

मग राजधानीहून आलेल्या फेरांटेंनी विचारलं,
हळू आवाजात, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून,
"या गलक्याखाली एखादं इंजिन लपेल?"
ओडेसानं खिडकीबाहेर पाहिलं.
केप मेची फेरी वळत होती.
"लपेल," ती म्हणाली.

म्हणून करार झाला. पाच सह्या, एकाच पेनानं,
कारण बाकीची चालेनात.
प्रवाहांचे आकडे नकाशेवाले देणार,
गाळाचे अभियंते,
मासे ओडेसा.
आठवड्याभरात तिच्या कपाटावर शिक्का पडला: मर्यादित वापर.
दर वसंतात ती शाळेतल्या पोरांना ते धम् धम् ऐकवायची,
पोरं टेबलं बडवून उत्तर द्यायची.
यंदा ऐकवू का, तिनं लेखी विचारलं.
उत्तर मीच टंकलं: "विचाराधीन."
या एका शब्दाची मला अजून लाज वाटते.

करारात नसलेली गोष्ट अशी
की शिमान्स्की आता इंजिन सुरू करण्याआधी
रात्री-अपरात्री तिच्या घरी फोन लावतो.
कंट्रोल रूमच्या स्पीकरला फोन टेकवतो
आणि विचारतो, "तुझेच का हे?"
ती उशीतून म्हणते, "माझेच. झोप आता."
कुठल्याच नियमात हे बसत नाही.
कुणी तक्रारही केलेली नाही.

गेल्या आठवड्यात, नालेच्या आकाराचे खेकडे
अंडी घालायला वाळूवर चढत होते त्या रात्री,
पुन्हा फोन वाजला.
ती उठून बसली, तिनंच मला सांगितलं,
बराच वेळ ऐकत राहिली,
दुसऱ्या कानावर हात दाबून.
मग म्हणाली,
"यात एक माझा नाही."

त्या रात्रीचं इतिवृत्त
माझ्याकडे आलेलं नाही.