लेव्हल

फादर तुस्कानोंनी आणली एक झेरॉक्स,
काळीपांढरी, घडीवर फाटलेली.
समुद्रापलीकडच्या कुठल्याशा गावात
दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भिंतीवर
काचेचे खडे चिकटवून केलेला मेंढपाळ.
म्हणाले, वेदीमागच्या कमानीत हा करायचा.

मायाप्पा बराच वेळ बघत राहिला.
"ह्यात तर समदं राखंचं हाय, फादर.
रंग कुठला धरू?"
मग बोट ठेवलं मेंढीच्या हनुवटीखालच्या हातावर.
"औषध पाजताना मान अशीच उचलत्यात.
ज्यानं केलंय, त्येनं मेंढरं राखल्याली.
खुरं तेवढी चुकल्यात."

मी अकरावीत. बाप चर्चची घंटा वाजवायचा,
आणि दिवाळीच्या सुट्टीत मी सिमेंट कालवायचे.

उद्यमनगरातल्या गोदामामागून फुटक्या टाइल्स,
महाद्वार रोडच्या कासाराकडून
दोन पोती बांगड्यांचा चुरा.
सोनं राहिलं.
सिगारेटच्या पाकिटातला सोनेरी कागद
काचेखाली दाबून बघितला, जमला.
त्या महिन्यात फादरांनी जरा जास्तच ओढल्या.
मेंढपाळाचा झगा मायाप्पानं काळा धरला, घोंगडीचा.
फादर काही बोलले नाहीत.

अर्धी कमान झाली.
एकही तुकडा पुढे नाही, मागे नाही;
बत्तीस वर्षांचा फरशीवाला तो,
त्याच्या फरशीवर गोटी ठेवली तर गोटी हलायची नाही.
संध्याकाळी मागच्या बाकावर जाऊन बसला
आणि म्हणाला, "हाटेलातली मोरी झाली."

तीन दिवस आला नाही.
चौथ्या दिवशी कळलं, अंबाबाईकडं होता,
किरणं बघायला, गर्दीत, टाचा उंचावून.
पहिल्या दिवशी ऊन पायांशीच थांबलं.
दुसऱ्या दिवशी ढग.
तिसऱ्या दिवशी मावळतीनं दारातून आत येऊन
चेहऱ्यापर्यंत चढून
मिनिटभर थांबून गेलं.
"आपलं दार बी मावळतीलाच हाय की,"
एवढंच बोलला, आणि छिन्नी घेतली.

सगळं काढलं.
लेव्हल माझ्या हातात दिली. "ही ठिव तिकडं."
मग एकेक तुकडा ओल्या गिलाव्यात अंगठ्यानं दाबताना
जरासा कलता, कुणी डावीकडं, कुणी खाली बघणारा,
जसं कळपात कुणीच सरळ बघत नाही.

आता हात फिरवला तर भिंत खरखरते,
दोन दिवसांची दाढी वाढल्यासारखी.
मायाप्पाला जाऊन सहा वर्षं झाली.
संध्याकाळी सव्वापाचला दार उघडं ठेवते मी,
आणि बिडाच्या तुकड्यांसारखी मेलेली ती काच
खालून वर पेटत जाते,
आधी खुरं (ती त्यानं दुरुस्त केली होती),
मग हात, मग हनुवटी.

डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली
एक निळा तुकडा पेटत नाही.
तो मी बसवलाय, त्याची पाठ वळल्यावर,
लेव्हल लावून, चोख सपाट.
त्यानं तो दुसऱ्या दिवशीच बघितला होता.
छिन्नी हातात होती.
काढला नाही.